विमान वाकडं येतं, कारण ते सरळ जात असतं

प्रश्न असा आहे: गेल्या जुलैत कोचीहून मुंबईला येताना विमान शेवटपर्यंत तिरकं येत होतं, पंख वरखाली होत होते, टेकता टेकता एक झटका बसून ते सरळ झालं आणि दणकन उतरलं. शेजारच्या गृहस्थांनी ‘पायलट नवीन पोरगा दिसतोय’ असा शेरा मारला. नंतर तुम्ही फेब्रुवारी 2022 मधल्या युनिस वादळातले लंडनच्या हीथ्रो विमानतळावरचे व्हिडिओ पाहिले आणि तुमची झोप उडाली. म्हणून विचारताय, की एवढी मोठी विमानं आडव्या वाऱ्यात उतरवतात कशी, त्यात अंदाज किती आणि हिशेब किती, हे काम संगणकावर का सोडत नाहीत, आणि येत्या पावसाळ्यात आईला त्याच मार्गाने आणायचंय ते आणावं का.

मी 27 वर्षं प्रवासी विमानं उडवतोय. आधी बोइंग 737, मग आखातात सहा वर्षं 777, आणि परत आल्यापासून एअरबस ए-320. शेवटचा प्रश्न आधी निकालात काढतो: आईला खुशाल आणा. बाकीचं सावकाश बोलू.

तुम्हाला भीती वाटली ती विमान तिरकं दिसलं म्हणून. पण तिरकं विमान हा आमच्या दृष्टीने काळजीचा विषयच नाही. माझं आजोळ दाभोळजवळ. लहानपणी खाडी ओलांडायला तरीत बसायचो. भरतीचं पाणी आत घुसत असलं की तांडेल समोरच्या धक्क्यावर होडीचं नाक कधीच धरायचा नाही. तो पाणी येतंय त्या अंगाला नाक वळवून ठेवायचा, होडी खेकड्यासारखी तिरकी चालायची आणि बरोबर धक्क्याला लागायची. नाक धक्क्यावर धरलं असतं, तर पाण्याने आम्हाला आत कुठेतरी नेऊन घातलं असतं. हवेचंही तसंच आहे. विमान हवेत असतं तेव्हा ते हवेबरोबर वाहत असतं. डावीकडून वारा असेल तर नाक थोडं डावीकडे ठेवायचं, म्हणजे जमिनीवरचा मार्ग धावपट्टीच्या रेषेत राहतो. याला आम्हीही ‘क्रॅब’ म्हणजे खेकडाच म्हणतो. पंख सपाट, नाक वाऱ्याकडे, मार्ग सरळ. या अवस्थेत विमान शंभर मैल जाऊ शकतं, कोणालाही काही जाणवणार नाही. तुम्ही 35 हजार फुटांवर चहा पीत असता तेव्हाही ते बऱ्याचदा असंच तिरकं चाललेलं असतं. तिथे बाजूला धावपट्टी नसते म्हणून ते लक्षात येत नाही, इतकंच.

किती तिरकं, याचा हिशेब सोपा आहे. उतरतानाचा वेग 140 नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर) आणि पूर्ण आडवा वारा 30 नॉट असेल, तर नाक साधारण 12 अंश वळवावं लागतं. इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो शिकाऊ वैमानिकांमध्येही असतो: मोठं विमान जड असल्यामुळे वारा त्याला कमी ढकलतो, असं नाही. वाऱ्याला वजन कळत नाही. सव्वादोनशे टनांचं विमान आणि चार आसनी सेसना, दोघंही त्याच हवेबरोबर तेवढ्याच वेगाने वाहतात. फरक पडतो तो वेगाचा. 60 नॉटने येणाऱ्या सेसनाला त्याच वाऱ्यात 30 अंश नाक वळवावं लागेल. म्हणजे या बाबतीत मोठं विमान सोपं. ते अवघड होतं ते आळसामुळे: चूक दुरुस्त करायला घेतली, की ती दुरुस्ती अंगात भिनायला त्याला वेळ लागतो, आणि भिनली की थांबायलाही तेवढाच वेळ.

मग खरा प्रश्न कुठे आहे? चाकांपाशी. हवेत असताना नाक आणि मार्ग यांत 12 अंशांचा फरक चालतो, पण चाकं नाकाच्या दिशेने बसवलेली असतात आणि जायचं असतं धावपट्टीच्या दिशेने. टेकण्यापूर्वी या दोन दिशा जुळवाव्या लागतात. अमेरिकेच्या बी-52 बाँबफेकी विमानात यावर एक गमतीदार उपाय आहे: मुख्य चाकंच 20 अंशांपर्यंत वळतात, म्हणजे विमान तिरकंच उतरतं आणि तिरकंच पळतं. प्रवासी विमानांत ती सोय नाही. आमच्याकडे ती जुळणी पायांनी करायची असते, शेवटच्या दोन-तीन सेकंदांत.

त्या सेकंदांकडे येतोच, पण त्याआधी हिशेबाचं बोलतो, कारण आडव्या वाऱ्यातलं निम्मं लँडिंग खाली उतरायला लागण्यापूर्वीच झालेलं असतं. हवामानाचा संदेश येतो: वारा 240 अंशांवरून 20 नॉट, झोत, म्हणजे मधेच येणारा जोराचा सपाटा, 32. मुंबईची मुख्य धावपट्टी 27, म्हणजे दिशा 270. फरक 30 अंशांचा. आता घड्याळ डोळ्यांसमोर आणायचं. पंधरा मिनिटं म्हणजे पाव, तीस म्हणजे अर्धा, पंचेचाळीस म्हणजे पाऊण, साठ आणि त्यापुढे पूर्ण. फरक 30 चा, म्हणून आडवा वारा अर्धा: 10 नॉट, झोतात 16. काहीच नाही. पावसाळ्यात मुंबईचा वारा बहुतेक वेळा नैऋत्य किंवा पश्चिमेचा असतो आणि मुख्य धावपट्टीला तो जवळजवळ समोरून मिळतो. ही त्या शहरावर निसर्गाची कृपा आहे.

कृपा आटते ती मुख्य धावपट्टी बंद असली की. मुंबईत दुसरी धावपट्टी आहे, 14 आणि 32 दिशांची, पहिलीला छेदणारी. 2019 च्या जुलैच्या पहिल्या आठवड्यात एक विमान पावसात मुख्य धावपट्टीच्या पुढे जाऊन रुतलं आणि ती धावपट्टी जवळपास चार दिवस बंद राहिली. सगळी वाहतूक दुसरीवर. आता तोच 240 चा वारा 14 वर उतरताना घ्या: फरक 100 अंश. 20 नॉटचे 20 नॉट आडवे, झोतात पूर्ण 32, आणि वर थोडासा पाठीमागून. वारा तोच, शहर तेच, विमान तेच, आणि सोप्या दिवसाचा अवघड दिवस झाला. म्हणून ‘किती वाऱ्यात उतरता येतं’ या प्रश्नाला एका आकड्याचं उत्तर नसतं. कुठल्या धावपट्टीवर, ती ओली किती, झोत किती, विमान कुठलं आणि हातात कोणाच्या, एवढं विचारल्याशिवाय मी तरी उत्तर देणार नाही.

तरी लोक आकडा मागतातच, तर आकड्याचीच गोष्ट सांगतो. ए-320 च्या पुस्तकात उतरण्यासाठी आडवा वारा 33 नॉट, झोतासह 38 असा लिहिलेला आहे. पण त्या ओळीतला महत्त्वाचा शब्द आहे ‘दाखवलेला’. प्रमाणपत्राच्या नियमानुसार मोठ्या विमानाला 25 नॉटपेक्षा जास्त आडव्या वाऱ्यात उतरून दाखवण्याची सक्ती नाही. त्याच्या वर कंपनीच्या चाचणी वैमानिकांना जेवढा वारा मिळेल तेवढ्यात ते उतरून दाखवतात आणि तो आकडा पुस्तकात जातो. वारा शोधत ते आइसलँडमधल्या केफ्लाविकपर्यंत जातात. ए-380 लाही तिथे नेलं होतं. म्हणजे 38 ही विमानाची ताकद संपल्याची रेघ नव्हे. निष्णात माणसांनी, कोरड्या धावपट्टीवर, दिवसाउजेडी एवढं करून पाहिलंय, एवढाच त्याचा अर्थ.

हा शब्द नीट न समजल्याने काय होतं ते 1 मार्च 2008 ला हॅम्बुर्गमध्ये दिसलं. एमा नावाचं वादळ, म्युनिकहून आलेलं ए-320, धावपट्टी 23. टॉवरने सांगितलेला वारा 300 अंशांवरून 33 नॉट, झोत 47. घड्याळ लावा: फरक 70, म्हणजे जवळपास सगळा आडवा, झोतात 40 च्या बराच वर. टेकताना डावा पंख खाली गेला, त्याचं टोक धावपट्टीला घासलं, आणि वैमानिकांनी ताकद लावून विमान पुन्हा वर नेलं. कोणाला इजा झाली नाही. ते व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील. जर्मन तपास यंत्रणेच्या अहवालात दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. एक, ‘दाखवलेला’ वारा ही मर्यादा समजायची की नुसती माहिती, याबद्दल वैमानिकांमध्ये एकवाक्यता नव्हती. दोन, डावं चाक क्षणभर टेकल्याबरोबर विमानाच्या संगणकाने ‘आता आपण जमिनीवर आहोत’ असं मानलं आणि पंख सावरण्यासाठी वैमानिकाने दिलेल्या आज्ञेचा परिणाम कमी झाला. पंख सर्वांत जास्त सावरायचा होता नेमका तेव्हा. आणखी एक तपशील: परत फिरून ते उतरले धावपट्टी 33 वर. तिथे तोच वारा 30 अंशांवर होता, म्हणजे अर्धा. ही धावपट्टी पहिल्यापासून तिथेच होती. तिच्याकडे जाणारा मार्ग उतरायला तेवढा सोयीचा नव्हता, हेही खरं.

म्हणून बहुतेक कंपन्या पुस्तकातल्या आकड्याला स्वतःची कडक मर्यादा करून टाकतात आणि धावपट्टी ओली-निसरडी असेल तर ती आणखी खाली आणतात. ए-320 ला पकड चांगली असेल तर 38, मध्यम असेल तर 25, अगदी वाईट असेल तर 15, अशा पायऱ्या आहेत. फर्स्ट ऑफिसरसाठी, म्हणजे सहवैमानिकासाठी, मर्यादा याहून कमी असते. तुमच्या शेजाऱ्यांना सांगा: जुलैतल्या वादळी दुपारी मुंबईत विमान उतरवणारा बहुधा ‘नवीन पोरगा’ नसतो. त्या दिवशी पोरगा शेजारी बसून आकडे वाचत असतो आणि पांढऱ्या केसांचा माणूस घाम पुसत असतो.

आता ते शेवटचे सेकंद. 27 वर येतोय, वारा डावीकडून. समोरच्या काचेवर वायपर पूर्ण वेगात, त्याचा आवाज एवढा की एकमेकांशी ओरडूनच बोलावं लागतं. नाक डावीकडे, म्हणून धावपट्टी माझ्या समोर नाही. ती काचेच्या उजव्या भागात दिसते. नव्या वैमानिकाची पहिली चूक इथेच होते. त्याला धावपट्टी ‘समोर’ आणायचा मोह होतो. तो नाक तिच्यावर धरतो आणि वारा त्याला हळूहळू उजवीकडे वाहून नेतो. शिकवताना मी एकच सांगतो: नाकाकडे बघूच नकोस, मधली पांढरी रेघ खाली सरकते की बाजूला सरकते ते बघ.

लांब विमानात तर आणखी एक गंमत. 777-300 ईआर मध्ये नाकाखालचं चाक आणि मुख्य चाकं यांत 31 मीटर अंतर आहे, आणि वैमानिक नाकाच्या चाकाच्याही पुढे बसतो. विमान 10 अंश तिरकं असताना मुख्य चाकं मधल्या रेघेवर असतील, तर मी स्वतः रेघेपासून पाच मीटरहून जास्त बाजूला, वाऱ्याच्या अंगाला असतो. म्हणजे चाकं बरोबर जागी हवी असतील तर मला मुद्दाम चुकीच्या जागी बसल्यासारखं वाटलं पाहिजे. 737 वरून 777 वर गेलो तेव्हा हे अंगवळणी पडायला मला काही महिने लागले.

रेडिओ अल्टिमीटर फूट मोजत येतो. पन्नास, चाळीस, तीस. तिशीच्या आसपास मी नाक किंचित उचलतो, खाली येण्याचा वेग कमी होतो. त्याच वेळी उजवा पाय रडरच्या, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूच्या, पेडलवर हळू पण ठामपणे दाबत जातो. लाथ नाही, चिखलातून पाय काढावा तसा सलग दाब. नाक उजवीकडे वळून धावपट्टीच्या रेषेत येऊ लागतं. पण नाक उजवीकडे वळताना डावा पंख पुढे झेपावतो, त्याला जास्त हवा मिळते आणि तो उचलू लागतो. वारा डावीकडूनच येतोय, त्याला तो उचललेला पंख म्हणजे आयती शिडी. म्हणून पाय उजवीकडे दाबताना हात डावीकडे: डावा पंख जागेवर दाबून ठेवायचा, जमलं तर केसभर खालीच. पाय एकीकडे आणि हात दुसरीकडे, सायकल चालवणाऱ्याला जन्मात कधी करावी न लागणारी गोष्ट. तुम्हाला जो झटका जाणवला तो हाच. तुम्ही पंखाच्या मागे बसला असणार. शेपटीकडे तो जास्त जाणवतो.

हे सगळं लवकर करून चालत नाही. नाक सरळ केल्याबरोबर वाऱ्याविरुद्धचा आपला बंदोबस्त संपतो आणि विमान आडवं वाहायला लागतं. उशिरा केलं तर चाकं तिरकी टेकतात. यातलं कुठलं पत्करायचं? माझं मत स्पष्ट आहे: थोडं तिरकं टेकलं तरी चालेल, पण पंख वाकडा नको. एअरबस सांगते की जोरदार आडव्या वाऱ्यात टेकताना 5 अंशांपर्यंत तिरकेपणा राहिला तरी चालतो, आणि पंखही 5 अंशांपेक्षा जास्त झुकवू नयेत. चाकांचे पाय तेवढा मार खाण्यासाठीच बनवलेले असतात. पंखाखाली लटकलेली इंजिनं मात्र जमिनीला टेकण्यासाठी बनवलेली नसतात. 747 च्या बाहेरच्या इंजिनांना खाली फारशी जागा नसते, त्यामुळे छोट्या विमानांसारखं एक पंख खाली घालून, बाजूने घसरत उतरणं तिथे जपून करावं लागतं.

व्हिडिओत लोक नाक बघतात. मी बघतो तो खाली येण्याचा वेग, कारण झोताचा वारा बाजूने जेवढा त्रास देतो त्याहून जास्त तो अचानक पडल्यावर देतो. समोरून मिळत असलेला वाऱ्याचा भाग एकदम नाहीसा झाला, की पंखांखालचा आधार जातो आणि विमान खाली बसतं. 22 ऑगस्ट 1999 ला हाँगकाँगच्या चेक लाप कोक विमानतळावर वादळातल्या आडव्या वाऱ्यात एक एमडी-11 असंच जोरात आपटलं, उजवा पंख तुटला आणि विमान उलटं झालं. 315 पैकी तिघांचा जीव गेला. ते फार तिरकं आलं होतं म्हणून हे झालं नाही. खाली येण्याचा वेग शेवटी आवरला गेला नाही म्हणून झालं.

आता तुमच्या ‘दणक्या’बद्दल. तो मुद्दाम दिलेला असू शकतो. धावपट्टीवर पाणी असताना विमान अलगद, लोण्यासारखं टेकवलं, तर चाकं पाण्याच्या थरावर सरकू शकतात आणि धावपट्टी मात्र सेकंदाला सत्तर मीटरहून जास्त वेगाने संपत असते. टायरमधला दाब 200 पीएसआयच्या आसपास असेल, तर साधारण 127 नॉटच्या वर चाक पाण्यावर तरंगण्याची शक्यता असते, आणि आम्ही टेकतो त्याच्याही वरच्या वेगाने. पाण्याचा थर फोडायचा, चाकांवर वजन आणायचं, पंखांवरचे स्पॉयलर, म्हणजे पंखांची उचल मारणाऱ्या फळ्या, उघडू द्यायचे, ब्रेकना पकड द्यायची, तर जरा दणकाच हवा. कोरड्या रात्री मऊ उतरवून टाळ्या घेणारा वैमानिक मलाही आवडतो. ओल्या धावपट्टीवर मऊ उतरवणाऱ्याकडे मी जरा संशयाने बघतो.

टेकल्यावर काम संपलं असं प्रवाशांना वाटतं. तिथे खरं तर दुसरा अंक सुरू होतो, आणि माझी स्वतःची सर्वांत मोठी चूक याच अंकातली आहे. 737 वर फर्स्ट ऑफिसर होतो, नोकरीला दोन वर्षं झालेली. ओली धावपट्टी, डावीकडून सतरा-अठरा नॉट वारा. टेकलो थोडा तिरका, नाक डावीकडे. जमिनीवर आलं की शेपूट वातकुक्कुटासारखं काम करतं, वारा शेपटीला ढकलतो आणि नाक आणखी वाऱ्याकडे वळू पाहतं. मी खुशीत पाय सैल सोडला आणि पूर्ण रिव्हर्स, म्हणजे इंजिनांचा उलटा जोर, ओढला. रिव्हर्सचा जोर लागतो विमानाच्या शेपटीच्या दिशेने; नाक डावीकडे, म्हणजे शेपूट उजवीकडे, म्हणजे तो जोर मला मागे ओढतोय आणि त्याच वेळी उजवीकडेही ओढतोय. वाराही उजवीकडेच ढकलतोय. कडेचे दिवे जवळ यायला लागले. स्वाभाविकपणे मी ब्रेक आणखी दाबला, म्हणजे बाजूची पकड होती तीही घालवली. कॅप्टनने शांतपणे ताबा घेतला, रिव्हर्स कमी केला, ब्रेक सोडला. होय, सोडला. क्षणभर विमान मोकळं पळालं, रडरने सरळ झालं, मधल्या रेघेकडे आलं, मग त्याने पुन्हा ब्रेक आणि रिव्हर्स लावला. गेटवर पोचेपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. इंजिनं बंद झाल्यावर म्हणाले, “लँडिंग टॅक्सीवेवर वळल्यावर संपतं, जोशीबुवा.” माझं आडनाव जोशी नाही. पण ते रागावले की सगळ्यांनाच जोशीबुवा म्हणायचे.

संगणकाचं विचारलंत. संगणक उतरवू शकतो, उत्तम उतरवतो, पण ए-320 मध्ये आपोआप उतरण्यासाठी आडव्या वाऱ्याची मर्यादा 20 नॉट आहे. माणसाच्या जवळपास निम्मी. ती यंत्रणा धुक्यासाठी बनवलेली आहे, आणि धुकं पडतं ते बहुतेकदा वारा पडलेला असताना. धुकं आणि झोताचा वारा सहसा एका घरात नांदत नाहीत. डोळ्यांना काही दिसत नाही तिथे संगणक सरस. झोत येऊन पंख उचलला जातोय, तो पुढच्या सेकंदाला पडेल, असा पायांना आणि पाठीला लागणारा अंदाज हवा तिथे अजून माणूस सरस. अजून, असं मी जपून म्हणतोय. तुम्ही विचारलंत अंदाज किती: एवढाच, त्या तीन सेकंदांपुरता. आणि त्याचाही दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये घाम काढतात.

राहिली एक गोष्ट, तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते: न उतरणं. एका पावसाळ्यात मुख्य धावपट्टी बंद होती आणि आम्ही 14 वर येत होतो. टॉवरचा वारा मर्यादेच्या आत, पण काठावर. टॉवर सांगतो तो दोन मिनिटांचा सरासरी वारा असतो. तुमच्या वाट्याला त्यातलं कुठलं सेकंद येईल ते टॉवरलाही माहीत नसतं. पाचशे फुटांपर्यंत सगळं आखल्यासारखं. तिशीला नाक उचललं, पाय दाबला, आणि झोत आला. विमान तरंगलं, मधली रेघ बुटाखालून सरकून उजवीकडे जायला लागली. हात उजवीकडे नेला असता तर कदाचित रेघेवर परत आलोही असतो. कदाचित. मी ‘गो-अराउंड’ म्हटलं, थ्रस्ट लिव्हर पुढे ढकलले, आणि पुन्हा ढगात. शेजारी फर्स्ट ऑफिसर होती, तिने चाकं वर घेतली आणि टॉवरला कळवलं. आवाजात कंप नव्हता, मला बरं वाटलं. पंचवीस मिनिटं घिरट्या घातल्या, वारा 18 वर आल्यावर दुसऱ्यांदा आलो आणि उतरलो. पावसाळ्यात मुंबईला येताना मी जादा इंधन घेतो ते या पंचवीस मिनिटांसाठी. त्यानंतरही अहमदाबादला जाण्याइतकं शिल्लक होतं. ते नसतं तर मी पहिल्यांदाच ‘कदाचित’वर विसंबलो असतो का? मला वाटतं, मोह झाला असता.

दारात उभा होतो तेव्हा एक आजोबा उतरता उतरता थांबले. “पहिल्या वेळी जमलं नाही का?” असं मिश्कीलपणे म्हणाले. मी म्हटलं, “नाही जमलं, काका.” आता वाटतं, खरं उत्तर ‘जमवलं नाही’ असं होतं. पण मागे दीडशे माणसं खोळंबली होती.

आणि आईंबद्दल. सकाळचं विमान मिळालं तर बघा. वारा कमी असेल असं मी म्हणत नाही, समुद्रावरचा पावसाळी वारा घड्याळ बघून वाहत नाही. पण सकाळी वळवावं लागलं किंवा उशीर झाला तर हातात अख्खा दिवस उरतो. झटके कमी हवे असतील तर पंखाच्या आसपासची जागा घ्या, शेपटीकडची नको. खिडकी हवी असेल तर डावीकडची. 27 वर नैऋत्येच्या वाऱ्यात उतरले, तर टेकण्याआधी डावा पंख किंचित झुकलेला दिसेल आणि डावीकडचं चाक आधी टेकेल, मग उजवीकडचं. मधे अर्धा सेकंदही नसेल. दोन वेगवेगळे आवाज ऐकू आले, तर आईंना सांगा की पुढे बसलेल्याने पाय आणि हात दोन्ही वेळेवर हलवले.